पुट्टीखालची बेरीज

एप्रिलमध्येही आमच्या फॉल रिव्हरला बोटं बधिर होतात.
सकाळी सातला ट्रकची काच खरवडत होतो,
डेल्फिना म्हणाली, पपा, दोन्हीकडून होकार आलाय.
मी खरवडत राहिलो.
काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

पहिलं विद्यापीठ टेकडीवरचं. चार वर्षं.
आधी इतिहास वाचा म्हणतात, तत्त्वज्ञान वाचा,
थोडं गणित, एखादी मेलेली भाषा,
घर कसं बांधायचं ते नंतर बघू.
नंतर म्हणजे आणखी तीन वर्षं, आणखी फी.
दुसरं नदीकाठचं. पाच वर्षं सलग,
पहिल्याच दिवशी हातात कटर.
पहिल्याचं नाव घेतलं की कोपऱ्यावरचा बेकरीवाला
गोड पावाचे पैसे घेत नाही.
दुसऱ्याचं नाव त्याला दोनदा सांगावं लागलं.

दोन्ही बघून आलो, आमच्याच ट्रकमधून,
दारावर 'मेडेरॉस, भिंती आणि छत',
मागे थाप्या आणि बादल्या खुळखुळत.

टेकडीवरच्या काचेच्या इमारतीला म्हणे बक्षीस मिळालंय.
फिरवणारी मुलगी उजेडाबद्दल बोलत होती,
सुंदर बोलत होती.
मी वर बघितलं.
छताच्या कोपऱ्यात चहाच्या रंगाचा डाग,
त्याखाली पांढरी, पाच गॅलनची,
माझ्या बादल्यांची सख्खी बहीण.
डेल्फिनाने माझी बाही ओढली.
मी काहीच बोललो नव्हतो.

नदीकाठी रात्रीचे गेलो. तिचाच हट्ट.
अकरा वाजता सगळे दिवे चालू.
टेबलाखाली एक मुलगा झोपलेला, उशाला स्वतःचे बूट.
एकीच्या तीन बोटांना पट्ट्या.
कचऱ्याच्या पिंपात आख्खं गाव पडलेलं,
पुठ्ठ्याचं, चर्चसकट.
हे का टाकलं गं?
जिना कुठेच जात नव्हता, ती म्हणाली,
आणि पुन्हा कापायला लागली.

परतीच्या वाटेवर लेक गप्प.
मीही. मी काय सांगणार?
एकतीस वर्षं लोकांच्या भिंती गुळगुळीत करतोय.
आराखड्याच्या कोपऱ्यात ज्यांची सही असते
त्यांच्यातला एकही पायरीवर बसून
माझ्यासोबत जेवला नाही.
एकाने भिंत पाडायला लावली, चार इंचांसाठी.
त्याला दोष देत नाही.
चार इंच दिसत होते.
पण वाटतं, हीसुद्धा येईल एक दिवस
हेल्मेट घालून, स्वच्छ बुटांनी,
माझ्या भिंतीवर आडवा टॉर्च मारेल.
मारू दे.
उंचवटे तसेच दिसतात.

उत्तर द्यायची मुदत एक मे.
त्याआधीच्या शनिवारी ती माझ्यासोबत कामावर आली.
एका दंतवैद्याचं घर, जेवणघराच्या भिंतीला
नुकतेच ठोकलेले जिप्समचे बोर्ड, कोरे, राखाडी.
कोऱ्या बोर्डावरच आम्ही हिशेब करतो,
मापं, फोन नंबर, कधी एखादी शिवी.
पुट्टीखाली सगळं जातं.

मी सँडविच घेऊन परतलो
तर खिडकीशेजारी, सुतारी पेन्सिलीने, दोन रकाने.
फी. शिष्यवृत्ती. कर्ज. बसभाडं.
डावीकडे तळाशी: नाव.
उजवीकडे तळाशी: जिना.
आणि दोन्हींच्या मधोमध, लहान अक्षरात,
पपाची पाठ. आणखी किती वर्षं?
बेरीज दोनदा खोडलेली.
एका बाजूला गोल,
इतका दाबून की बोर्डाचा कागद फाटलेला.

ती बाहेर पाण्याची बादली भरत होती.
मी विचारलं नाही.
थापी भरली.
आधी पाठीची ओळ बुजवली, दोन हात देऊन.
मग कर्ज, मग बसभाडं.
दंतवैद्य तिथे बहुतेक एखादं चित्र लावेल.

गोल सगळ्यात शेवटी.
ओल्या पुट्टीतून थोडा वेळ
तो दिसत राहिला.